‘आय फील नॉशस’: चूक कुणाची?

प्रश्न असा: मळमळतंय हे सांगायला ‘आय फील नॉशस’ म्हटलं की कुणीतरी लगेच ‘नॉशस नाही, नॉशिएटेड म्हण’ असं सुधारतं. ते बरोबर आहे का?

नाही. ही आगाऊ दुरुस्ती आता पुरे. तिचा आधार म्हणजे इंग्रजी लेखनशैलीचं प्रसिद्ध पुस्तक लिहिणारे स्ट्रंक आणि व्हाइट. त्यांच्या मते नॉशस म्हणजे दुसऱ्याला मळमळायला लावणारा, त्यामुळे स्वतःबद्दल तो शब्द वापरू नये. पण सतराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द इंग्रजीत आला तो ‘ओकारीच्या बेतात असलेला’ याच अर्थाने. ‘किळसवाणा’ हा अर्थ मागाहूनचा. ‘मला किळसवाणं वाटलं’ म्हणणाऱ्या बाईला आपण किळसवाणी ठरवतो का?

आज माणसाला नॉशस चालतं. वासाला, दृश्याला नॉशिएटिंग लिहावं. परीक्षक जुन्या वळणाचा असेल तर माणसाला नॉशिएटेड लिहून मोकळं व्हावं. खरी चूक ‘आय ॲम हॅविंग नॉशस’ ही. तिथे नाम हवं, नॉशिया. आणि नॉशिया म्हणजे उलटी नव्हे. औषधाच्या कागदावर दोन्ही वेगवेगळे छापतात, कारण मळमळून उलटी न होणं ही वेगळी तक्रार आहे.

आता मूळ. ग्रीक ‘नाउस’ म्हणजे जहाज. त्यावरून ‘नाउसिआ’, समुद्रावर होणारी मळमळ. हा ‘नाउस’ आपल्या संस्कृत ‘नौ’चा सख्खा भाऊ. नौका, नाव, नावाडी, नौदल हे सगळं नॉशियाचं गोत! आणि मराठीनेही या त्रासाचं खापर वाहनावरच फोडलं: कोकणच्या वाटेवर ‘बोट लागते’, घाटात ‘गाडी लागते’.

ग्रीक ‘नाउसिआ’ लॅटिनमध्ये ‘नाउसेआ’ झाला, आणि त्यातूनच फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘नॉइझ’, म्हणजे गोंगाट, आला, असं माझं ठाम मत आहे. डेकवर ओकाऱ्या काढणाऱ्यांचा कण्हण्या-ओरडण्याचा कल्ला, तो नॉइझ. काही कोशकार ‘नॉक्सिआ’, म्हणजे अपाय, हे मूळ सुचवतात. ते ध्वनीला पटत नाही. लॅटिन ‘क्स’चा फ्रेंचमध्ये कठोर ‘स’ होतो: ‘कॉक्सा’ची ‘क्विस’ झाली, मांडी. नॉइझमध्ये मृदू ‘झ’ आहे. उलट ‘आउ’ आणि पुढचा ‘य’ मिळून ‘ऑय’ होणं हे सरळ वळण: लॅटिन ‘गाउदिआ’चा, म्हणजे आनंदाचा, ‘जॉय’ झाला, तसाच ‘नाउसेआ’चा नॉइझ.

‘नॉइसम’ला मात्र या घरात घुसवू नये. नॉइसम म्हणजे गोंगाटी नव्हे, दुर्गंधीने नकोसा करणारा. ‘अनॉय’चा, म्हणजे त्रास देणे या शब्दाचा, पहिला स्वर झडून उरलेल्या ‘नॉय’ला शेपूट जोडून तो झाला, आणि ‘अनॉय’च्या मुळाशी आहे लॅटिन ‘इन ओदिओ’: तिटकाऱ्यात.