लॅब्रेडॉरला मधुमेह निघालाय; गोळ्यांवर भागेल का, की रोज इन्शुलिन टोचावंच लागेल?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: नऊ वर्षांची मादी, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नाही, महिनाभर ढसाढसा पाणी पीत होती, खाऊनपिऊनही वाळत चालली होती आणि तपासणीत साखर ४३० आली. डॉक्टरांनी दोन वेळा इन्शुलिन सांगितलंय. तुम्ही दोघं नोकरीला जाता. सासरे म्हणतात, म्हाताऱ्या जीवाला सुया कशाला, कारलं-मेथी देऊन बघू.

कारलं-मेथीनं भागणार नाही आणि माणसांच्या गोळ्यांनीही नाही. उतारवयात माणसांना होणाऱ्या मधुमेहात शरीर इन्शुलिन बनवत असतं, ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही, म्हणून तिथे गोळ्या चालतात. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच गेलेल्या असतात. गोळी कामाला लावणार कुणाला? सासऱ्यांना हेही सांगा, की स्वादुपिंडाचा आणि साखरेचा संबंध कळला तोच कुत्र्यामुळे. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या संशोधकांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. पुढे १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी इन्शुलिनचा अर्क आधी कुत्र्यांनाच टोचून पाहिला. ज्यांच्या जिवावर माणसांना हे औषध मिळालं, त्यांनाच ते नाकारणं मला फार अन्यायाचं वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलेलंच नाही. तिचं गर्भाशय-अंडाशय काढण्याचं ऑपरेशन झालेलं नाही. मादी माजावर येऊन गेली की पुढचे साधारण दोन महिने, गाभण असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं राहतं आणि ते इन्शुलिनला नीट काम करू देत नाही. डोस वाढवत बसाल, तरी साखर हटणार नाही. ती शेवटची कधी माजावर आली होती ते आठवून डॉक्टरांना सांगा आणि ऑपरेशन कधी करता येईल ते याच आठवड्यात विचारा. वेळेत ऑपरेशन झालं तर काही माद्यांचा मधुमेह मागेही हटतो. कानाच्या किंवा खाजेच्या औषधात स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा. त्यानंही साखर चढते.

सुईची भीती दोन-चार दिवसांत जाते. आमचा बंड्या स्पिट्झ होता, जेवून ताट चाटत असतानाच त्याला टोचायचे. त्याला कळायचंही नाही. क्रम मात्र पक्का ठेवा: आधी जेवण, मग सुई. म्हणजे ती खरंच जेवली का हे डोळ्यांनी दिसतं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन्ही वेळा तेच अन्न, तेवढंच. बरगड्यांच्या बाजूची सैल कातडी चिमटीत धरून टोचा आणि रोज जागा थोडी बदला. दुधाळ दिसणारं, एनपीएच प्रकारचं इन्शुलिन असेल तर बाटली हलवू नका, तळहातांमध्ये हळू फिरवा. फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको.

सिरिंज घेताना मेडिकलवाल्यावर सोडू नका, स्वतः वाचा. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली असते आणि १०० युनिट असलेलीही. ४० वाल्याला लाल टोपीची सिरिंज, १०० वाल्याला नारिंगी. १०० चं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलंत, तर दहा नाही, पंचवीस युनिट जातात. एवढ्यानं कुत्रं दगावू शकतं.

कारण चढलेल्या साखरेपेक्षा उतरलेली साखर लवकर जीव घेते. ती झोकांड्या देऊ लागली, थरथरली, भलतीकडेच बघत राहिली, तर लगेच मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटानं हिरड्यांवर चोळा आणि दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका. जेवली नाही तर पूर्ण डोस द्यायचा नाही. अर्धा द्यायचा की टाळायचा, हे डॉक्टरांना आजच विचारून फ्रिजवर लिहून लावा. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देणं कधीच नाही. टोचताना थोडं बाहेर सांडल्यासारखं वाटलं तरी पुन्हा टोचू नका.

साखर माणसांसारखी शंभरावर आणण्याचा हट्ट नको. दिवसातला बराचसा वेळ ती १०० ते २५० च्या दरम्यान राहिली, पाणी पिणं कमी झालं, वजन टिकलं, तर गाडी रुळावर आहे. घरच्या ग्लुकोमीटरवर कानाच्या कडेचा थेंब घेता येतो, पण माणसांचा मीटर कुत्र्यांत बऱ्याचदा आकडा कमी दाखवतो. म्हणून एकदा दवाखान्यातल्या रक्ताशी ताडून पाहा आणि डोस स्वतःच्या मनानं हलवू नका.

दूध-पोळी आणि चहासोबतची बिस्किटं बंद. 'बिनसाखरेचं आहे, चालेल' म्हणून शुगरफ्री मिठाई किंवा च्युइंगगम तर अजिबात नको. त्यात झायलिटॉल असेल तर थोडंसंही कुत्र्यांना विषासारखं लागतं.

डोळ्यांचं आधीच सांगून ठेवते. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना मोतीबिंदू होतो, साखर बरी असली तरी, आणि कधीकधी काही आठवड्यांत. बंड्यालाही झाला. घरातलं सामान जागचं हलवलं नाही, तर ती वासावर आणि आवाजावर छान वावरेल. डोळे लाल दिसले तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. उलट्या होऊन जेवण बंद झालं, मलूल पडली, तर तेही त्याच दिवशी. रात्र काढायची नाही.

आणि टोचायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी शिकवाच. तुम्ही कामावर असताना दिवसभर तिच्याजवळ सासरेच असणार. झोकांडी गेलेली त्यांनाच आधी दिसेल. तेव्हा मधाची बाटली कुठे आहे आणि दवाखान्याचा नंबर कोणता, हे त्यांना आजच दाखवून ठेवा.