१९४३ मध्ये बेपत्ता झालेल्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानाच्या वायुसैनिकाची पदके मिळाली, पण त्यांवर नाव नाही. ती खरी कशी ओळखावीत?

नाव नाही म्हणून खोटी समजू नका. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धाचे स्टार (मोहिमांसाठीची तारांकित पदके) आणि वॉर मेडल नाव न कोरताच दिले. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव असते. त्यामुळे पदकांसोबतचा पुठ्ठ्याचा डबा आणि छापील चिठ्ठी अजिबात वेगळी करू नका. पुरावा तिथेच आहे.

१९४३ च्या बॉम्बर क्रूसाठी मुख्य पदक म्हणजे एअरक्रू युरोप स्टार. त्याची फीत फिकट निळी, कडा काळ्या, मध्ये दोन बारीक पिवळ्या रेघा: आकाश, रात्र आणि शत्रूचे सर्चलाइट. तो ५ जून १९४४ पर्यंतच्याच उड्डाणांसाठी होता; पुढच्यांना फ्रान्स अँड जर्मनी स्टार. एअरक्रू युरोप महाग विकला जातो, म्हणून त्याच्या नकला सर्वाधिक. सुटा स्टार घेताना जपून. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल हे शौर्यपदक असेल तर कडेवर नाव आणि सेवा क्रमांक असतो, तो आधी वाचा.

ब्रासो लावू नका, अक्षरे झिजतात.

माणसाचा शोध सेवा क्रमांकाने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धातील मृतांची नोंद ठेवणारी संस्था) यादीत घ्या. थडगे नसेल तर नाव बहुधा इंग्लंडमधील रनीमीडच्या स्मारकावर सापडेल; तिथे अशी २०,००० हून अधिक नावे आहेत. मग लंडनमधील क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (सरकारी अभिलेखागार) स्क्वाड्रनची नोंदवही (एआयआर २७) त्या तारखेला उघडा: विमानाचा क्रमांक, लक्ष्य, उड्डाणाची वेळ आणि सहसा विमानातल्या सातही जणांची नावे एकत्र मिळतात. एकट्याचे नाव जपू नका, सातही लिहून ठेवा.