झाडाखालचा चेलो आणि काशाची वाटी

कानगोष्टी : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त चेलोवादकाची उत्तरं

प्रश्न : काका, मी मूळची मिरजेची. सध्या कॅलिफोर्नियात सॅन होजेला लेकीकडे आहे. गेल्या महिन्यात तिनं मला एका बागेत ‘ध्यान-मैफली’ला नेलं. ओकच्या मोठ्या झाडाखाली शंभरेक माणसं चटया टाकून आडवी, प्रत्येकाच्या कानाला बिनतारी हेडफोन. मध्ये दोन व्हायोलिनं, त्यांची जरा मोठी बहीण व्हियोला, बसून जमिनीला टेकवून वाजवतात तो खर्जातला चेलो, शिवाय बासरी, आफ्रिकेतलं कोरा हे तारवाद्य आणि दहा-बारा तिबेटी वाट्या. एका बाईंनी श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मी दिलं आणि दहा मिनिटांत घोरायला लागले. जाग आली तेव्हा हेडफोन घसरला होता आणि वरून विमान चाललं होतं. लेक म्हणते, ‘आई, तू अनुभवच घेतला नाहीस.’ ना राग, ना ताल, ना सम. यात ऐकायचं होतं तरी काय?

उत्तर : ताई, घोरलात म्हणून खजील होऊ नका. सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा त्या काळात मी भारतीय बैठकीत पहाटे तीनला झोपलोय. जागा झालो तर गायक बदललेला, राग बदललेला आणि शेजारच्या गृहस्थांचं डोकं माझ्या खांद्यावर.

राग नव्हता म्हणता, पण तो चेलो काय करत होता ते आठवून पाहा. माझ्या धंद्यातला अंदाज सांगतो : बराच वेळ एकच खालचा स्वर धरून बसला असणार. आपल्याकडे हे काम तंबोरा करतो, आणि तंबोऱ्याबद्दल मी मिरजेच्या माणसाला काय सांगू! पंढरपूरकडचे भोपळे आणून तुमच्याच गावात ते घडतात.

कॅलिफोर्नियात हा धरलेला स्वर कुठून आला, ते ऐका. १९६४ साली टेरी रायली या तिथल्याच संगीतकारानं सॅन फ्रान्सिस्कोत ‘इन सी’, म्हणजे ‘सी या स्वरात’, नावाची रचना सादर केली. एकूण ५३ छोटे तुकडे. वादक किती, कुठली वाद्यं, काहीच ठरलेलं नाही. प्रत्येकानं एक तुकडा हवा तितका वेळ घोळवायचा आणि मग पुढच्यावर जायचं, मात्र शेजाऱ्याकडे कान ठेवून. सहा वर्षांनी, १९७० मध्ये, गायक पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले आणि हा रायली त्यांचा गंडाबंध म्हणावा असा शिष्य झाला. प्राणनाथ अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. म्हणजे घराणं किराणा, तुमच्या मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचंच. पुढे १९७३ पासून दहा-अकरा वर्षं प्राणनाथांनी ऑकलंडच्या मिल्स कॉलेजात शिकवलं. लेकीच्या घरापासून गाडीनं तासाभराची वाट असेल. त्या झाडाखालच्या मंडळींना हे माहीत असेल-नसेल, पण त्यांच्या लांबच लांब स्वराला एक मूळ तुमच्या माहेरचंही आहे.

आता हेडफोन. त्यामागची अडचण मला कळते. बागेत मोठ्या आवाजाला परवानगी नसते, वारा निम्मे स्वर उडवून नेतो. ऑरेगनमध्ये हंटर नोआक हा पियानोवादक २०१६ पासून नऊ फुटी पियानो ट्रेलरवर घालून रानात नेतो आणि ऐकणारे हेडफोन लावून झाडांतून भटकतात. कल्पना छान. तरी माझं मन त्यात रमत नाही. हेडफोनमध्ये चेलो डोक्याच्या मधोमध वाजतो. उघड्यावर तो तिथे, डाव्या हाताच्या झाडापाशी वाजतो आणि पान सळसळलं की थोडा झाकतो. घराबाहेर पडायचं ते या ‘तिथे’साठीच ना?

तुमच्या विमानाचीही एक गोष्ट आहे. न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळ मॅव्हरिक नावाचं लाकडी सभागृह आहे, मागून रानाकडे उघडं. तिथे १९१६ पासून उन्हाळ्यात चेंबर म्युझिक होतं. म्हणजे चार-पाच वादकांचं, दिवाणखान्यात मावेल असं पाश्चात्य संगीत. २९ ऑगस्ट १९५२ ला अमेरिकन संगीतकार जॉन केजची रचना वाजवायला डेव्हिड ट्यूडर पियानोपाशी बसला आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद त्यानं एकही पट्टी दाबली नाही. आधी बाहेरचा वारा ऐकू आला, मग छपरावर पावसाचे थेंब, मग चिडलेल्या लोकांची कुजबुज. केजच्या मते रचना ती हीच. मी काही विमानाला संगीत म्हणणार नाही, इतका मोठा मी झालेलो नाही. पण हेडफोन घसरल्यापासून तो पुन्हा लावेपर्यंत तुम्हाला काय काय ऐकू आलं, ते लेकीला क्रमानं सांगून पाहा. आणि पुढच्या वेळी एक कान उघडा ठेवा.

प्रश्न : वाईजवळ मित्राच्या शेतावर डिसेंबरात पहाटे अशीच मैफल करायची आहे. व्हायोलिन, चेलो, संतूर, पखवाज. ऐकणारे साठ. माइक लावावा का? आणखी काय काळजी घ्यावी?

उत्तर : संतूर वगळा. शंभराच्या आसपास तारा, त्यात डिसेंबरची पहाट. ऊन चढेल तशा तारा सैलावतील, स्वर उतरत जातील आणि तुमचा संतूरिया हातोडी घेऊन लावतच बसेल. थंडीचा धसका मोठमोठ्यांनीही घेतलाय. जानेवारी २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीला चेलोवादक यो-यो मा, व्हायोलिनवादक पर्लमन आणि आणखी दोघं उघड्यावर वाजवताना जगानं पाहिलं. ऐकू आलं ते मात्र दोन दिवस आधीचं ध्वनिमुद्रण. त्या गारठ्यात वाद्यं सुरात राहिली नसती, तारा तुटायची भीती होती.

त्याहून वाईट ऊन. माझा चेलो एकदा कोकणातल्या एका लग्नात दुपारी मांडवाच्या कडेला उन्हात राहिला. यजमान म्हणाले, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. चेलोची पाठ आणि बाजू सरसानं चिकटवलेली असते. ‘टक्’ असा आवाज झाला आणि सांधा बोटभर उघडला. जेवायच्या पंगतीत मला श्रीखंड गोड लागलं नाही. हल्ली कार्बन फायबरचे चेलो मिळतात, त्यांना ना उन्हाची फिकीर ना दवाची. आवाज मला थोडा कोरडा वाटतो, पण शेतावर मी तोच नेईन.

माइक नको. सहाच्या आत तर लावताच येणार नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला कायद्यानं बंदी आहे. (याच नियमानं मध्यरात्रीचे राग मैफलींतून जवळजवळ हद्दपार केले. नियम बरोबर आहे हे मला पटतं आणि तरीही दुःख होतं.) शिवाय पहाटे गरजही कमी. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज आभाळात निसटायच्या ऐवजी खाली वळतो आणि लांब जातो. कृष्णेपलीकडच्या देवळातली काकड आरती आपल्या अंगणात असल्यासारखी ऐकू येते ती म्हणूनच. ऊन तापलं की हे उलटतं. तेव्हा उजाडताना सुरू करा आणि आठच्या आत पोह्यांवर या.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, कारण तो परत पाठवायला भिंतच नसते. म्हणून वादकांच्या पाठीशी एखादी भिंत असू द्या, गोठ्याची चालेल, आणि लोकांना दहा मीटरच्या आत अर्धगोलात बसवा. माझे गोवेकर मास्तर १९५८ ची आठवण सांगायचे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी रागांवर बांधलेलं वाद्यवृंदाचं संगीत मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात वाजवलं. वर आभाळ उघडं, पण चारी बाजूंना दगडी इमारत. मास्तर म्हणायचे, ‘अँथनीनं जागा निवडली तिथेच निम्मी रचना केली.’

एक राहिलंच. नोटेशनचे कागद वाऱ्यानं उडतात. कपडे वाळत घालायचे चिमटे न्या, लाकडी. प्लॅस्टिकचे ऐन वेळी तुटतात.

प्रश्न : तिबेटी वाट्यांच्या नादानं रक्तदाब उतरतो, असं विक्रेता सांगतो. संच घ्यावा का?

उत्तर : रक्तदाबासाठी डॉक्टर आहेत. वाटी म्हणाल तर ती कासंच आहे, साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. माझी आजी असल्याच वाटीनं, तूप लावून, आमचे तळपाय घासायची. तिनं ती कधी वाजवली नाही. तरी मोह होत असेल तर संच घेऊ नका, जवळजवळ एकाच स्वराच्या दोन वाट्या निवडून घ्या. एकत्र वाजवल्या की आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. दोघींत सेकंदाला दोन कंपनांचा फरक असेल, तर हा डोल सेकंदाला दोनदा. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित हललेल्या असल्या की हाच डोल ऐकू येतो. वाटी लावून घेता येत नाही, तेव्हा दुकानातच वाजवून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे, कानानं जवळजवळ ठार बहिरे. जन्मभर नाट्यसंगीताचे वेडे. अशा बागेतल्या मैफलीला त्यांना न्यावं की त्यानं त्यांना त्रासच होईल?

उत्तर : न्या. बासरी-व्हायोलिन त्यांच्यापर्यंत कदाचित पोचणार नाही, पण चेलोची खालची तार सेकंदाला पासष्टच्या आसपास कंपनं करते आणि ती अंगाला कळते. आयोजकांना आधी फोन करून चेलोपासून चार हातांवर लाकडी खुर्ची मागा, गादीची नको. सोबत एक साधा फुगा न्या. पूर्ण ताणून फुगवू नका. दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांत अलगद धरायला द्या, छातीसमोर. बहिऱ्या श्रोत्यांसाठी हा उपाय जगभर वापरतात. हसतील तुम्हाला सुरुवातीला, वडीलसुद्धा. चेलोवादकाला मात्र आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो खालच्या तारेवर थोडा जास्त रेंगाळेल. मी असतो तर रेंगाळलो असतो.