स्टेडियमची जागा बघायची तर मॅच सुटल्यावर बघ

पोरी,

तुझा मेल परवाच आला, सोबतची ती तुमच्या फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमसाठीच्या चार जागांची एक्सेल शीट पण उघडून बघितली. मेहनत घेतलीयस, दिसतंय. पण येण्याजाण्याच्या कॉलममध्ये तू दहापैकी जे मार्क दिलेत ते सगळे हायवे किती जवळ यावर दिलेत, आणि तिथंच मी चहाचा कप खाली ठेवला. अगं आपण कोल्हापूरचे ना? शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब अशी फुटबॉलची मॅच असली की शिवाजी पेठेतून, मंगळवार पेठेतून माणसं गप्पा हाणत चालत येतात, आपली टीम हरली तर भांडत भांडत चालतच घरी जातात, त्यात हायवे कुठं आला?

तुमचा क्लब इंग्लंडातला आहे, बजेट वेगळं, नियम वेगळे, मान्य. पण इथंसुद्धा तेच आहे. मी तीस वर्षं या देशात ट्रान्सपोर्टचंच काम केलं, आणि सुरुवातीच्या एका स्टेडियमच्या कामात मी जी चूक केली तीच तुझ्या शीटमध्ये दिसली म्हणून लिहितोय. मी लोक येतात कसे एवढंच मोजलं होतं. येताना लोक दोन-तीन तासांत थोडे थोडे येतात, कोणी पबमध्ये थांबतं, कोणी पाय खात खात येतं (इथला पाय म्हणजे मैद्याच्या पारीत मांस भरून भाजलेला, तुला आता माहितीच असेल). पण शिट्टी वाजली की वीस मिनिटांत सगळेच्या सगळे एकदम रस्त्यावर. माझा आकडा येण्याचा बरोबर होता, जाण्याचा मी काढलाच नव्हता. पहिल्या मॅचला स्टेशनबाहेर जे झालं ते मी लांब उभा राहून बघितलं, कुणाला सांगितलं नाही की हा कागद माझा होता.

तू लिव्हरपूलला जाऊन ये. एव्हर्टन या तिथल्या क्लबची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाने नीट वाचावी अशी आहे, कारण जागा शोधता शोधता त्यांची वीसेक वर्षं गेली. गुडिसन पार्क या मैदानावर ते १८९२ पासून होते, आणि तिथं आले ते पण जागेच्याच भांडणातून, आधी ॲनफिल्डच्या मैदानावर खेळायचे, मालकाशी भाडं आणि इतर गोष्टींवरून वाजलं, मग हे उठून स्टॅनली पार्कच्या पलीकडे गेले आणि रिकाम्या ग्राउंडसाठी मालकाने नवा क्लब काढला, तो म्हणजे लिव्हरपूल एफसी. एका भाडेकरूशी भांडून घरमालकाने आयुष्यभराचा शेजारी-दुश्मन तयार केला, असं दुसरीकडे कुठं झालं असेल वाटत नाही.

तर गुडिसन वस्तीत अडकलेलं, एका कोपऱ्यात चर्च, चारी बाजूला घरं, वाढायला जागा नाही. पहिला प्लॅन किंग्ज डॉकचा, अगदी शहराच्या मध्यात, नदीकाठी. स्वप्नातली जागा. पण क्लबला आपल्या वाट्याचे पैसेच उभे करता आले नाहीत आणि २००३ मध्ये ते बारगळलं. मग कर्कबी, शहराच्या हद्दीबाहेर, टेस्कोच्या भल्यामोठ्या दुकानासोबत. २००७ मध्ये क्लबने फॅन्सचं मतदान घेतलं, बहुमत हो म्हणालं, पण शहर सोडायचं नाही म्हणणारे पण गप्प बसले नाहीत, चौकशी बसली आणि २००९ मध्ये सरकारने नाही म्हटलं. कारण फुटबॉल नव्हतंच, एवढं मोठं दुकान आलं तर आजूबाजूच्या गावांतला बाजार मरेल, हे होतं. तुझ्या तीन नंबरच्या जागेला पण मॉल जोडलाय ना? मग स्टेडियमआधी मॉलवरच भांडण होणार हे धरून चाल. त्यानंतर वॉल्टन हॉल पार्क, ते पण २०१६ मध्ये सोडलं.

शेवटी ब्रॅमली-मूर डॉक, गुडिसनपासून साधारण दोन मैलांवरची १८४८ मधली जुनी गोदी. स्वस्तात पडलं का? छे. पाण्यातली जागा ती. आधी गोदीतले मासे धरून बाहेर काढले, मग समुद्रातून उपसलेली जवळपास ५ लाख घनमीटर वाळू टाकून ती भरली. वर जागतिक वारशाचा प्रश्न होताच, २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलला यादीतून काढलं, त्यात आसपासची बाकीची बांधकामं पण होती आणि हे स्टेडियम पण. मला विचारशील तर तिथं कुंपणाआड पडलेल्या गोदीपेक्षा भरलेलं स्टेडियम बरं, पण माझे एक जुने सहकारी या विषयावर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिली लीग मॅच झाली, ब्रायटनला २-० हरवलं, ५२ हजारांवर माणसं बसतात.

मी मुद्दाम एका संध्याकाळच्या मॅचला गेलो. आत सगळं झकास. पण मी शिट्टीनंतर सँडहिल्स स्टेशनकडे गेलो, जवळचं स्टेशन तेच, आणि मुळात ते लहान. बाहेर बॅरिकेड लावून रांगेचे कप्पे केलेत, एक कप्पा सुटला की पुढचा. मर्सी नदीवरून वारा असा की कानटोपीतून आत शिरतो. माझ्या पुढे एक आजोबा, निळा मफलर, गुडघ्यावर हात ठेवून उभे, नातू सारखा म्हणत होता चल चालत जाऊ, सेंट्रल स्टेशनपर्यंत अर्धा तास तर आहे. आजोबा म्हणाले गुडिसनवरून मी सात मिनिटांत घरी असायचो. बास, एवढंच. तुझ्या शीटमध्ये त्या सात मिनिटांचा कॉलम टाक.

उलटं उदाहरण पण बघ. ब्रायटनवाल्यांचं जुनं ग्राउंड विकलं गेलं, १९९७ मध्ये ते सोडावं लागलं, दोन वर्षं जिलिंगहॅमला, म्हणजे दुसऱ्याच्या गावात खेळले, मग बारा वर्षं एका ॲथलेटिक्सच्या मैदानावर काढली. फॉल्मरची जागा मिळायला परवानगीचं घोंगडं किती वर्षं भिजत होतं, पण २०११ मध्ये उघडलं तेव्हा दारात रेल्वे स्टेशन होतं आणि मॅचच्या तिकिटातच ठरावीक भागातला बस-ट्रेनचा प्रवास. तिथं वाट बघितली ते फळलं. डार्लिंग्टनने घाई केली, गावातल्या चालत जायच्या मैदानावरून उठून २००३ मध्ये बाहेर रिंगरोडला २५ हजारांचं स्टेडियम बांधलं, आणि बहुतेक मॅचला दोन-चार हजार माणसं. रिकाम्या खुर्च्यांचा खर्च काय असतो ते तिथं कळलं, २०१२ मध्ये क्लबला ते सोडावं लागलं.

आणि नुसतं स्टेशन जवळ आहे म्हणून पण भुलू नको. वेस्ट हॅम २०१६ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टेडियमला गेले, स्ट्रॅटफर्डसारखं स्टेशन, कनेक्शनला दहापैकी अकरा, पण धावण्याच्या ट्रॅकसाठी बांधलेलं स्टेडियम, गोलमागे बसलेल्याला खेळाडू मुंगीएवढा. आपल्याकडे बालेवाडीला पुणे सिटीच्या मॅचला तू लहानपणी गेली असशील, तिथं पण मध्ये ट्रॅक, आरडाओरडा मैदानात पोचायच्या आधीच हवेत विरायचा. मुंबई सिटी नेरूळचं मोठं क्रिकेट स्टेडियम सोडून २०१६ मध्ये अंधेरीच्या छोट्या मैदानावर आली ते काही उगाच नाही, भरलेलं छोटं मैदान परवडतं.

अजून एक, जमीन कुणाच्या नावावर राहणार ते पहिल्या मीटिंगमध्येच विचार, लाजू नको. कॉव्हेंट्रीच्या क्लबने हायफील्ड रोड हे आपलं जुनं मैदान सोडलं, नव्या स्टेडियमची मालकी दुसऱ्याकडे, मग भाड्यावरून वाजलं आणि २०१३-१४ चा सीझन स्वतःच्या गावात स्टेडियम असून नॉर्थॅम्प्टनला खेळले.

तर आता काम. चारही जागांवर शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला जा, नोव्हेंबरात जा, पाऊस असेल तर उत्तम, छत्री नको. स्टेशनपर्यंत चाल, घड्याळ लाव, फुटपाथ कुठं अरुंद होतो ते लिहून घे, रात्री दहानंतर किती गाड्या आहेत ते बोर्डावर बघ, वेबसाइटवर नाही. दोन नंबरची जागा मला कागदावर आवडली, पण मध्ये रेल्वेखालचा बोगदा आहे ना, तो किती रुंद आहे ते टेपने मोज आणि मला रात्रीच फोन कर, मी साडेअकरापर्यंत जागा असतो.

काका