मुलींच्या सुंतेमुळे पुढे बाळंतपणात त्रास होतो का?

होतो, पण किती ते बाह्य जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रकारावर ठरतं. सोमालिया, सुदानमध्ये आढळणाऱ्या सर्वांत भयंकर प्रकारात योनिमुख शिवून जेमतेम छिद्र ठेवतात. लघवी थेंबथेंब होते, पाळीचं रक्त साचतं, जंतुसंसर्ग पाठ सोडत नाही. बाळंतपणात तो वण ताणला जात नाही, फाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सहा आफ्रिकी देशांतल्या २८ हजारांहून अधिक बाळंतिणींची पाहणी प्रसिद्ध केली. सुंता झालेल्यांत सिझेरियन, अतिरक्तस्राव आणि बाळ दगावणं जास्त आढळलं. (आपल्याकडे दाऊदी बोहरा समाजातल्या खतन्यात, म्हणजे मुलींच्या सुंतेत, कमी कापतात, त्यामुळे हे निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लावू नयेत, वेदना मात्र तिथेही आहेत.) गरोदर असाल तर पहिल्याच तपासणीत स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, शिवण प्रसूतीआधीच उघडता येते.