वाद्यदुरुस्ती प्रश्नोत्तरे: रोल फिरतो, पण हळू-जोर कुठे गेला?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आजोबांनी जुन्या मुंबईतल्या एका बंगल्याच्या लिलावात ड्युओ-आर्ट पियानो (भोकं पाडलेल्या कागदी रोलवरून आपोआप वाजणारा) घेतला होता. मोटर लावली की रोल फिरतो, चालही बरोबर वाजते. पण सगळं एकाच जोरात. शिवाय दोन्ही टोकांच्या पट्ट्या मधूनच उगाच खाली जातात.

उत्तर: टोकाच्या पट्ट्यांचं लिहिलंत हे फार बरं केलंत, दुखणं तिथेच आहे. रोलखालच्या पितळी पट्टीतली दोन्ही कडांची चार-चार भोकं दुहेरी कामाची असतात. साधा रोल असेल तेव्हा ती टोकाचे सूर वाजवतात. ड्युओ-आर्टचा रोल लावून कळ फिरवली की तीच भोकं जोर किती ते सांगतात. डावीकडची साथीला, उजवीकडची मुख्य चालीला. तुमची कळ साध्या बाजूला राहिली आहे, किंवा कळ फिरते आणि आतली झडप अडकून बसली आहे. आधी एवढंच तपासा.

तरीही जोर बदलला नाही, तर भात्यांकडे वळा. प्रत्येक बाजूला, आतली हवा ओढली की मिटणारे चार छोटे भाते जोडून बसवलेले असतात. एक इंचाचा सोळावा भाग मिटतो, दुसरा आठवा, तिसरा पाव इंच, चौथा अर्धा. त्यांच्या मेळातून जोराच्या १६ पायऱ्या होतात. या हिशेबाचं मला आजही अप्रूप वाटतं. रोल काढून सगळ्या भोकांवर कागदी चिकटपट्टी लावा, पंप चालू करा आणि कडेचं एकेक भोक उघडून बघा. जो भाता मिटत नाही त्याचं कापड फाटलंय किंवा नळी सुटली आहे. कापड रबर लावलेलं असतं, रबर वयाने कडक होतं. एक गेलं असेल तर उरलेलीही त्याच वयाची आहेत, सगळीच बदला.

मोटरवरची पाटीही वाचा. अमेरिकन मोटर बहुधा ११० व्होल्ट, सेकंदाला ६० सायकलची असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकली आपल्या ५०च राहतात. अशाने पुष्कळ मोटरी सहाव्या हिश्शाने मंद फिरतात आणि पंपाची हवेची ओढ कमी पडते.

प्रश्न (पाचपाखाडी): माझ्या पियानोत एक सूर वाजतच नाही आणि दुसरा थांबत नाही. दोन्हींचं कारण एकच का?

उत्तर: नाही. रोलवर चालणारा पियानो हवा फुंकत नाही, ओढतो. रोलचं भोक वर आलं की बाहेरची हवा नळीतून आत शिरते, कातड्याची छोटी पिशवी उचलते, झडप उघडते, भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. न वाजणाऱ्या सुराच्या भोकात बहुतेक कागदाचा कोंडा अडकलाय. तो बाहेर ओढून काढा, तोंडाने फुंकून आत ढकलू नका. न थांबणाऱ्या सुरात पिशवीखालची हवा काढून घेणारं बारीक छिद्र बुजलेलं असतं, नाहीतर नळी चिरलेली असते.

प्रश्न (ऐरोली): रोल खूप सावकाश वाटतो. मोजायचं कसं?

उत्तर: वेगाचा काटा ७० वर ठेवा. एका मिनिटात कागद ७ फूट सरकला पाहिजे. पेन्सिलची खूण करून घड्याळ लावा.

प्रश्न (वाशी): पियानो नाही, घरची हातपेटी आहे. दर पावसाळ्यात भाता गळतो. सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू का?

उत्तर: कृपा करून नको. सरस वापरा. गरम सरसाने चिकटवलेलं जोड ओलसर उष्णतेने पुन्हा सुटतं, म्हणून पुढच्या कारागिराला भाता न फाडता उघडता येतो. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली पेटी उघडताना लाकडाची साल निघालेली मी पाहिली आहे, फार वाईट वाटतं. पियानोवाल्यांनाही हेच सांगणं. आणि जून ते सप्टेंबर वाद्य खाडीकडच्या खिडकीला, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका. एक वीत जागा सोडा.