वाचकांचे प्रश्न: माजघरात उजेड आणायचाय, घर पाडायचं नाहीये

प्रश्न: नमस्कार, राजापूर तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं कौलारू घर आहे, बाजूला थोडी भातशेती आणि कलमं. आईबाबा आता तिथेच कायमचं राहायचं म्हणतायत. पण घरात दिवसासुद्धा अंधार, माजघरात तर भर दुपारी लाइट लावावी लागते आणि पश्चिमेच्या भिंतीला ओल. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो छप्पर उतरवून स्लॅब टाकू, पुढे मोठ्या स्लायडिंग खिडक्या, आतून सिमेंट प्लास्टर आणि पुट्टी. घर मॉडर्न आणि लख्ख हवंय हे खरं, पण मन तयार होत नाही. काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: स्लॅब नका टाकू. जुन्या भिंती बऱ्याचदा मातीत रचलेल्या असतात, त्यांच्यावर तेवढं वजन देता येत नाही, मग कॉलम-बीमचा वेगळा सांगाडा उभा करावा लागतो आणि ते नवीनच घर होतं. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, सपाट स्लॅब गळायला लागला की शेवटी त्याच्यावर पत्र्याची शेड येतेच, तुमच्या वाडीतही दिसतील अशी घरं.

आता अंधार का ते बघा. माजघराला बाहेरची भिंतच नसते, पुढे ओटी-पडवी, मागे स्वयंपाकघर, बाजूला खोल्या आणि वर माळा, त्यामुळे पुढे कितीही मोठी काच लावली तरी माजघर काळोखीच राहणार. तिथे उजेड वरूनच आणायचा. माळ्याच्या फळ्यांचा एक भाग काढून टाका आणि त्याच्या बरोब्बर वर काचेची कौलं बसवा, सुरुवातीला चार-सहा पुरेत. शक्यतो छपराच्या उत्तर किंवा पूर्व उतारावर घ्या, पश्चिमेला घेतलीत तर एप्रिल-मे मध्ये दुपारी खाली बसवणार नाही. आणि एक अगदी महत्त्वाचं, मंगलोरी कौलं १८६५ पासून बनतायत, कारखाने कितीतरी झाले आणि एकाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही. तुमचं एक कौल उलटं करून कारखान्याचं नाव बघा, ते कौल सोबत घेऊनच दुकानात जा, नाहीतर पहिल्या पावसात तिथूनच धार लागेल. माकडांचा त्रास असेल तर काचेच्या कौलांवर जाळी हवीच.

खिडक्या मोठ्या करायच्या तर रुंदी वाढवू नका, खालचा भाग कापून उंची वाढवा, म्हणजे वरच्या लिंटेलला, खिडकीवरचं वजन पेलणाऱ्या आडव्या पट्टीला, धक्का लागत नाही आणि उजेड थेट जमिनीवर पडतो. मला स्वतःला तर कोकणातल्या घरात अशी खाली उतरलेली खिडकी सगळ्यात आवडते, आईबाबांना खाली बसूनही अंगण दिसेल. माजघर आणि स्वयंपाकघरामधली भिंत फोडायचा मोह होईल, पण तुळया कुठल्या भिंतीवर टेकल्यात ते इंजिनिअरने बघितल्याशिवाय एक चिराही काढू नका. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आधी कुजतात, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, बाकी लाकूड ठणठणीत असेल तर तेवढीच टोकं बदलता येतात.

ओल राहिली तर बाकी सगळा खर्च वाया. चिरा पाणी शोषतो आणि सोडतोही, त्याच्यावर सिमेंट आणि पुट्टी चढवली की पाणी आत अडकतं आणि दोनेक पावसाळ्यांत पोपडे धरतात. म्हणून आधीचं सिमेंट असेल तर खरवडून काढा, चुन्याचं प्लास्टर करा आणि वर पांढरा चुना. उजेड परतवायला त्याच्यासारखं काही नाही, एलईडीच्या पट्ट्या नंतर लावा हव्या तर. पश्चिमेला पागोळी दोन फूट बाहेर घ्या, चौथऱ्याला टेकलेली माती काढून गटार द्या, आणि भिंत उन्हाळाभर सुकू द्या, मगच रंगाचं बघा.

वायरिंग मात्र सगळं नवीन, अर्थिंगसकट, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, लावाच, ओल्या भिंतीच्या घरात ही चैन नाही, गरज आहे.

काम दिवाळीनंतर काढा, पहिलं छप्पर घ्या, मेच्या मध्यापर्यंत कौलं परत चढलेली हवीत. आणि घराच्या उताऱ्यावर काका-आत्यांची नावं असतील तर त्यांची संमती लेखी घेऊन ठेवा, परवानगीसाठी ग्रामपंचायतीत ती लागू शकते आणि गणपतीत सगळे एकत्र येतात तेव्हाच सह्या होऊन जातील.